मोर्चाचे शेपूट

वाराणसीला पोस्टिंग आली तेव्हा गावाकडून एकच फोन पुन्हा पुन्हा येत होता. "भाग्यवान आहेस रे, काशीला चाललास." आईने गंगाजल मागितले, मामाने विश्वेश्वराच्या दर्शनाची सोय विचारली. इथली छावणी किती शांत आहे आणि छावणीच्या फाटकाबाहेर पडले की गोदौलियापर्यंतचे चार-पाच किलोमीटर किती लांब आहेत, हे कुणी विचारले नाही. ते मला इथे आल्यावर कळले. आणि रस्ता बंद असणे म्हणजे काय, हे कळले ते माझ्या इथल्या पहिल्याच हिवाळ्यात, एका मोर्चाच्या दिवशी.

दुर्गाघाटाच्या बाजूला गल्लीत एक मराठी कुटुंब राहते. पेशव्यांच्या काळात किंवा त्यानंतर कधीतरी पूर्वज आले आणि इथलेच झाले. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागात अशी घरे अजून आहेत. त्या घरातल्या काकू मला रविवारी जेवायला बोलवतात. त्यांची मराठी आपल्यापेक्षा जुनी आहे आणि हिंदी अस्सल बनारसी. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास काकूंच्या मुलाचा फोन आला. आईच्या छातीत दुखतेय, घाम फुटलाय. गल्लीत गाडी येत नाही, म्हणून चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना मैदागिनपर्यंत आणले. तिथे पुढे बॅरिकेड. पलीकडे ॲम्ब्युलन्स उभी, अलीकडे काकू, मध्ये लोखंडी जाळी आणि एक शिपाई.

शिपाई वाईट नव्हता. पहाटे चारपासून उभा होता, चहासुद्धा मिळाला नव्हता. पण त्याला एकच वाक्य सांगितले गेले होते. "ऊपर से ऑर्डर है, कोई नहीं जाएगा." बॅरिकेड कधी उघडायचे, कुणासाठी उघडायचे, कुणाला विचारून उघडायचे, हे त्याला कुणीच सांगितले नव्हते. त्याच्याकडे वायरलेस संच नव्हता. ज्या साहेबांनी त्याला उभे केले ते पुढे निघून गेले होते. मी छावणीतून दोन-तीन ठिकाणी फोन लावले. एकही लागला नाही. लागला असता तरी शहरातल्या बंदोबस्तात लष्करी अधिकाऱ्याने तोंड घालायचे नसते, आणि ते बरोबरही आहे. पंचवीस मिनिटे गेली. शेवटी ज्यांच्यासाठी रस्ता बंद होता, त्या मोर्चातल्याच काही पोरांनी ते पाहिले. हातात हात घालून त्यांनी गर्दीत वाट केली आणि शिपायाला म्हणाले, भैया, आमची जबाबदारी, उघड. त्याने उघडले.

काकू वाचल्या. आता दोन जिने चढल्या की बसावे लागते. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणले असते तर बरे झाले असते. त्या अर्ध्या तासाचा हिशोब मी गेले कित्येक महिने मांडतो आहे. हा लेख तोच हिशोब आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मोर्चाची मागणी बरोबर की चूक, हा माझ्या वर्दीचा विषय नाही आणि या लेखाचाही नाही. माणसे रस्त्यावर उतरणार, हे गृहीत धरतो. शांततेने, शस्त्रांशिवाय एकत्र येण्याचा हक्क संविधानाच्या कलम 19 ने दिलेला आहे. त्याचबरोबर 7 ऑक्टोबर 2020 रोजी शाहीन बागेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेही सांगितले की सार्वजनिक रस्ता अनिश्चित काळासाठी अडवून ठेवता येणार नाही. म्हणजे मोर्चा निघणार आणि रस्ता पुन्हा मोकळा होणार, या दोन्ही गोष्टी शहराने धरून चालायच्या. प्रश्न उरतो तो मधल्या काही तासांचा. ते तास नीट पार पाडणे हे राजकारण नाही. ते नियोजन आहे, आणि नियोजनाबद्दल सैनिकाला बोलायला हरकत नसावी.

वाराणसीला हे काम नवीन नाही. श्रावणातले सोमवार, महाशिवरात्र, देव दिवाळी, नाटी इमलीचा भरत मिलाप, मोहरमचे ताजिये, रविदास जयंती. वर्षभर हे शहर रस्ते बंद करते आणि उघडते. 2021 च्या डिसेंबरमध्ये विश्वनाथ धामाचे लोकार्पण झाल्यापासून तर गर्दी हा इथला रोजचा पाहुणा आहे. मैदागिन ते गोदौलिया हा रस्ता कधी वाहनांसाठी बंद, कधी एकेरी, हे टोटोवाल्या पोरालाही पाठ आहे. म्हणजे बांबू आहेत, जाळ्या आहेत, दोर आहेत, अनुभव आहे. तरीही याच शहरात दोन दिवस असे आहेत की जे मी माझ्या तरुण अधिकाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगतो.

पहिला दिवस 5 ऑक्टोबर 2015. त्याची सुरुवात आपल्याच माणसांपासून झाली होती. वाराणसीत सोन्याचांदीच्या धंद्यात आलेली मराठी मंडळी वर्षानुवर्षे गणपती बसवतात. त्या वर्षी गंगेत मूर्ती विसर्जनाला अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या आदेशाने बंदी होती आणि मंडळाचा आग्रह गंगेतच विसर्जन करण्याचा होता. मूर्ती गोदौलियाला थांबली, धरणे सुरू झाले, साधू-संत येऊन बसले. 22 सप्टेंबरच्या रात्री लाठीमार झाला. त्याच्या निषेधार्थ 5 ऑक्टोबरला मैदागिनच्या टाउन हॉलपासून दशाश्वमेधाच्या दिशेने 'अन्याय प्रतिकार यात्रा' निघाली. गोदौलियाला पोहोचेपर्यंत ती यात्रा होती. तिथे दगड, जाळपोळ, अश्रुधूर झाले आणि संध्याकाळी शहराच्या काही पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. पहिला दगड कुणाचा, हे मी सांगणार नाही. मी त्या दिवशी इथे नव्हतो. पण रस्ता मला माहीत आहे, आणि रस्त्याचे गणित कुणालाही करता येते.

ते गणित असे. सपाट वाटेवर, सगळे एकाच दिशेने चालत असतील, तर एक मीटर रुंदीतून मिनिटाला फार तर ऐंशीच्या आसपास माणसे जाऊ शकतात. स्टेडियम बांधणारे हाच आकडा धरतात. मोर्चात म्हातारे असतात, लेकुरवाळ्या बाया असतात, झेंडे असतात, म्हणून आपण 60 धरू. रस्ता जुन्या शहरातला. दुकानांच्या पायऱ्या, उभ्या मोटारसायकली, खांब वजा जाता 8 मीटर मोकळा मिळाला असे समजू. म्हणजे मिनिटाला 480 माणसे. 30,000 लोकांचा मोर्चा असेल तर एका ठिकाणावरून तो पूर्ण पार व्हायला तासाहून अधिक वेळ लागतो. आणि एका चौरस मीटरमध्ये दोन माणसे, या सुटसुटीत चालीने चालले तरी त्याची लांबी होते जवळपास 1,900 मीटर. मैदागिन ते गोदौलिया हे अंतर दोन किलोमीटरच्या आतच आहे. म्हणजे मोर्चाचे तोंड गोदौलियाला पोहोचते तेव्हा शेपूट जेमतेम मैदागिनहून निघत असते.

आता गोदौलियाला तोंड अडवले, समजा. कारण काहीही असो. पुढच्या ओळीला अडवले हे दिसते. शेपटाला दिसत नाही. शेपूट चालतच राहते. पुढचे थांबलेत, मागचे येताहेत, आणि मधल्या माणसाची जागा दर मिनिटाला कमी होते आहे. चौरस मीटरमध्ये चार माणसे झाली की चालणे खुंटते. सहा-सात झाली की माणूस स्वतःच्या पायावर उभा नसतो, गर्दी त्याला उभे धरते. तिथे मग लाट येते. ती लाट कुणी आणत नाही आणि कुणी थांबवूही शकत नाही. पोलिसाला वाटते गर्दी अंगावर आली. गर्दीला वाटते पोलिसांनी कोंडले. दोघेही खोटे बोलत नाहीत.

लष्करात कॉन्व्हॉय चालवताना हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत लांब पल्ल्याच्या चालीला निघालो की आमचे उस्ताद एक नियम कानात भरायचे, चालीचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्यावर ठरतो, सगळ्यात पुढच्यावर नाही. पुढे कॉन्व्हॉय चालवायला लागल्यावर त्याचा अर्थ कळला. तीस गाड्यांच्या ताफ्यात पहिल्या गाडीतल्या अधिकाऱ्याइतकाच महत्त्वाचा माणूस शेवटच्या गाडीत बसलेला असतो. त्याच्याकडे रेडिओ असतो. तोंड थांबले की ते शेपटाला अर्ध्या मिनिटात कळते. वाटेत ठरलेल्या चौकांवर ट्रॅफिक कंट्रोल पोस्ट असते, गाड्या बाजूला घ्यायला जागा हेरून ठेवलेली असते, आणि ताफा जिथे सुटा होतो ती जागाही आधी ठरलेली असते. कुठून निघायचे हे ठरवायला पाच मिनिटे लागतात. कुठे सुटायचे, याला अर्धी रात्र जाते.

मोर्चाच्या बंदोबस्ताचा कागद मात्र उलटा असतो. पहिल्या पानावर कुठे अडवायचे ते असते. लोक घरी कसे जातील, हे शेवटच्या पानावरसुद्धा नसते.

दुसरा दिवस 15 ऑक्टोबर 2016. तो मोर्चा नव्हता, धार्मिक शोभायात्रा होती, पण धडा तोच आहे आणि जास्त कठोर आहे. जय गुरुदेव यांचे अनुयायी शहरातून निघून गंगेपलीकडे डोमरी गावातल्या शिबिराकडे चालले होते. वाट होती राजघाटच्या मालवीय पुलावरून. हा पूल 1887 चा, इंग्रजांनी बांधलेला. खालून रेल्वे, वरून रस्ता, किलोमीटरभर लांब. परवानगी साधारण 3,000 लोकांची होती, असे प्रशासनाने नंतर सांगितले. आले त्याच्या कितीतरी पट. पुलावर ऊन, दाटी, थांबलेली रहदारी, आणि मग पूल तुटल्याची अफवा. किमान 24 माणसे पुलावरच्या चेंगराचेंगरीत गेली, त्यात बायका जास्त. काही अधिकारी निलंबित झाले. पूल मात्र धडधाकट होता. आजही त्यावरून गाडी जाते तेव्हा माझा ड्रायव्हर आपोआप हात जोडतो. गंगेला जोडतो की त्या माणसांना, मी कधी विचारले नाही.

पुलाला गल्ल्या नसतात. बाजूला निघून जायला वाट नसते. म्हणून पुलावर सोडायच्या गर्दीचा आकडा अर्जावरून ठरवायचा नसतो, पुलावरून ठरवायचा असतो. अर्जावर 3,000 लिहिले आहे म्हणून 3,000 येतील असे समजणे म्हणजे शत्रूने सांगितलेल्या संख्येवर आपली मोर्चेबंदी करणे. इथे कुणी शत्रू नव्हते, म्हणून तर ते जास्त सोपे होते. आदल्या रात्री किती रेल्वेगाड्या आणि किती बसगाड्या भरून आल्या, हे स्टेशनवरचा चहावालासुद्धा सांगतो.

मराठी वाचकाला याहून मोठी जखम सांगायला मला काशीपर्यंत यायची गरज नव्हती. 23 नोव्हेंबर 1994. नागपूर, हिवाळी अधिवेशन. आदिवासी म्हणून मान्यता मिळावी यासाठी गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाकडे निघाला होता. विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून आलेली माणसे, बायका, कडेवरची मुले. मोर्चा अडवला गेला आणि निवेदन घ्यायला कुणीतरी येईल म्हणून तिष्ठत राहिला. संध्याकाळ झाली. गोंधळ उडाला, लाठी चालली, माणसे पळाली आणि कठड्यांत, जाळ्यांत, एकमेकांच्या अंगाखाली अडकली. 114 जीव गेले. गोळी एकही लागली नव्हती. झिरो माइलजवळ त्यांचे स्मारक आहे आणि सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचे नाव आहे. नागपूरला पोस्टिंगवर असताना त्या पुलाखालून मी रोज जायचो. गर्दीला परतीची वाट ठेवली नाही तर लाठीसुद्धा बंदुकीइतकी माणसे मारते, हे त्या दगडावर लिहिलेले नाही, पण मी तेच वाचायचो.

त्या दिवशी नागपुरात नेमके काय कमी होते? पोलीस कमी नव्हते. जाळ्या कमी नव्हत्या. कमी होता तो निवेदन हातात घेणारा एक माणूस, वेळेवर. चालून आलेल्या माणसाला कुठेतरी पोहोचायचे असते. बॅरिकेडपाशी टेबल मांडून एक जबाबदार अधिकारी किंवा मंत्री उभा असेल, तर ते बॅरिकेड मुक्काम होते. नसेल, तर ती भिंत होते, आणि भिंतीपाशी पोहोचलेला माणूस भिंतच ढकलतो.

याउलटही घडते, आणि तेही आपल्याकडेच घडले आहे. 6 मार्च 2018 ला नाशिकहून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला. सुमारे 180 किलोमीटर, पायी. 11 तारखेला मुंबईत सायनच्या सोमय्या मैदानावर मुक्काम होता. दुसऱ्या दिवशी सोमवारी सकाळी आझाद मैदानाकडे निघायचे ठरले होते. पण त्या दिवशी दहावीचा पेपर होता. तीस-चाळीस हजार माणसे सकाळी मुंबईच्या मुख्य रस्त्यावर उतरली तर पोरांचे काय, हा प्रश्न आला. मोर्चाने ठरवले, रात्रीच चालायचे. सहा दिवस चाललेली माणसे, पायांची सालटी निघालेली, झोप न घेता मध्यरात्री उठून चालू लागली आणि पहाटे आझाद मैदानात जाऊन बसली. मुंबईकर सकाळी उठले तेव्हा रस्ते मोकळे होते. मग त्याच मुंबईकरांनी पाणी, बिस्किटे, चपला आणून दिल्या.

हा दाखला दिला की लोक म्हणतात, तो शेतकऱ्यांचा मोठेपणा. आहेच. पण माझ्या धंद्याच्या नजरेतून त्यात आणखी एक गोष्ट आहे. मोर्चाचे पुढारी आणि बंदोबस्ताचे अधिकारी एकमेकांशी बोलत होते, आणि बोलण्यातून निघालेला निर्णय शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत रातोरात पोहोचला. म्हणजे शेपटाला रेडिओ होता. तो स्वयंसेवकांच्या तोंडी होता, एवढेच.

पुढचा अनुभव 2025 च्या ऑगस्टअखेरचा. आझाद मैदानावर 5,000 माणसांना एक दिवसाची परवानगी होती. प्रत्यक्षात काय झाले, सीएसएमटीच्या परिसराचे काय झाले आणि उच्च न्यायालयाला कसे मध्ये पडावे लागले, हे सगळ्यांनी पाहिले. परवानगीच्या कागदावरचा आकडा आणि लोकलमधून उतरणारा आकडा यांची गाठ पडत नाही, हे आपण राजघाटला पाहून नऊ वर्षे झाली होती.

इथे कुणी म्हणेल, साहेब, तुमचे ताफे जातात तेव्हा आम्ही तासन्‌तास उभे असतो, त्याचे काय? बरोबर आहे. पुलवामानंतर 2019 च्या एप्रिलमध्ये काश्मीरमध्ये बारामुल्ला ते उधमपूर महामार्ग आठवड्यातून दोन दिवस, रविवार आणि बुधवार, सामान्य वाहनांसाठी बंद करण्यात आला होता. त्यामागचे कारण खरे होते. 40 जवान गेले होते. पण आजारी माणूस, लग्नाची वरात, परीक्षेला निघालेले पोर, सफरचंदाचा ट्रक, प्रत्येकाला परवानगीचा कागद मिळवावा लागत होता. काही आठवड्यांतच ती बंदी टप्प्याटप्प्याने शिथिल करावी लागली. रस्ता बंद करणे हा सगळ्यात सोपा हुकूम आहे. एका ओळीत लिहिता येतो. तो निभावण्यासाठी किती ओळी लागतात, हे बॅरिकेडवरच्या शिपायाला विचारा. आमच्या ताफ्यासाठी थांबलेल्या ॲम्ब्युलन्सही मी पाहिल्या आहेत. त्यानंतर माझ्या प्रत्येक ब्रीफिंगमध्ये एक वाक्य असते. ॲम्ब्युलन्स दिसली की ताफा थांबेल, ॲम्ब्युलन्स थांबणार नाही, आणि त्यासाठी कुणालाही विचारायचे नाही.

या 'विचारायचे नाही' मध्ये माझे सगळे म्हणणे आले. तरी शहर चालवणाऱ्यांसाठी ते मोडून सांगतो.

एक, परवानगी देण्याआधी रस्त्याचे गणित करा. रुंदी, माणसे, मिनिटे, लांबी. वर केले तेवढेच. त्याला संगणक लागत नाही. उत्तर रस्त्यात मावत नसेल तर वाट बदला किंवा मोर्चा दोन तुकड्यांत, तासाच्या अंतराने सोडा.

दोन, आधी परतीची वाट ठरवा, मग जाण्याची. जुन्या काशीत मुख्य रस्त्याला दर पन्नास-शंभर पावलांवर गल्ली फुटते. बंदोबस्तात नेमक्या त्या गल्ल्यांच्या तोंडाला बांबू बांधले जातात, कुणी आत शिरू नये म्हणून. मला विचाराल तर त्या गल्ल्या या शहराची फुप्फुसे आहेत. त्यांच्या तोंडाशी दोन माणसे उभी करा, पण बांबू बांधू नका.

तीन, प्रत्येक बॅरिकेडवर ते उघडण्याचा अधिकार असलेला एक माणूस, त्याच्या हातात वायरलेस आणि खिशात लेखी यादी. ॲम्ब्युलन्स, अग्निशमन, बाळंतीण, प्रेतयात्रा, परीक्षार्थी. यादीतले कुणी आले तर उघडायचे. काशीत प्रेतयात्रा यादीत का, हे मणिकर्णिकेच्या गावात सांगायला नको.

चार, मोर्चाच्या शेपटाला एक जबाबदार पोलीस अधिकारी आणि आयोजकांचा एक माणूस, दोघे सोबत, दोघांचा तोंडाशी संपर्क. आज सगळे मोठे अधिकारी तोंडाशी असतात, कारण कॅमेरे तोंडाशी असतात. माणसे मरतात ती मध्ये आणि मागे.

पाच, वर्तमानपत्रात रूट डायव्हर्जनची सूचना येते तिच्यात बंद चौकांची लांबलचक यादी असते. त्याऐवजी उघड्या रस्त्यांची यादी छापा. दुर्गाघाटच्या माणसाला कबीरचौऱ्याच्या किंवा बीएचयूच्या दवाखान्यात कुठून जाता येईल, किती ते किती वाजेपर्यंत, हे दोन दिवस आधी कळू द्या.

सहा, जिथे मोर्चा थांबवायचा आहे तिथे निवेदन घेणारा माणूस मोर्चाच्या आधी पोहोचलेला असू द्या.

यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. 2021 पासून वाराणसीत पोलीस आयुक्तालय आहे. जमावबंदीचा हुकूम काढणे, परवानगी देणे आणि बंदोबस्त लावणे हे बरेचसे एका छताखाली आले आहे. तेव्हा हा हिशोब एकाच टेबलावर मांडणे आता आधीपेक्षा सोपे असायला हवे.

आयोजकांवरही माझा राग आहे, तो सांगतो. 3,000 चा अर्ज करून तीस हजार आणणे ही चलाखी नाही, तो आपल्याच माणसांचा घात आहे. ज्याला आपल्या शेवटच्या रांगेपर्यंत निरोप पोहोचवता येत नाही, त्याने मोर्चा काढू नये. आमच्यात अशा अधिकाऱ्याला कंपनी देत नाहीत. दर दोनशे माणसांमागे एक स्वयंसेवक, दोराने राखलेली एक मोकळी पट्टी, पाणी, आणि म्हातारी माणसे मध्ये नको तर कडेला, एवढे तरी करा.

एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो. एवढे सगळे करण्यापेक्षा लष्कर बोलवावे, नाही का? नाही. कायद्यात सोय आहे. आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 149 आहे, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे 130 होते. दुसऱ्या कुठल्याही मार्गाने जमाव पांगत नसेल तर दंडाधिकारी सशस्त्र दलाला बोलावू शकतात. आम्ही येतो. पण आम्हाला त्यासाठी जे शिकवले जाते ते असे, गरज असेल तरच, कमीत कमी बळ, निःपक्षपातीपणे आणि सद्भावनेने. वरच्या चौघांपैकी पहिला शब्द 'गरज' आहे. चौकात रणगाड्याच्या रंगाची गाडी उभी राहिली त्या दिवशी शहराने आपल्याच माणसांशी बोलणे सोडलेले असते. छावणीचे फाटक त्या कामासाठी उघडावे लागू नये, अशीच माझी आणि माझ्या प्रत्येक जवानाची इच्छा असते. आमची बंदूक परक्यासाठी आहे. समोर काकूंसारखे, त्या पोरांसारखे, त्या शिपायासारखे चेहरे असतील तर हात थरथरतो, आणि थरथरायलाच हवा.

गेल्या रविवारी काकूंकडे जेवायला गेलो होतो. त्यांनी पुरण घातले होते, स्वतः मात्र खाल्ले नाही, पथ्य आहे. निघताना म्हणाल्या, "बाळा, तो शिपाई मागच्या महिन्यात घरी आला होता. कुणाकडून तरी पत्ता काढला. म्हणाला, माताजी, मला कुणी सांगितलेच नव्हते की तुम्हाला सोडायचे."

मी त्याला भेटलेलो नाही. पण परत येताना मैदागिनला गाडी थांबवून मी त्या जागी पाच मिनिटे उभा राहिलो. चौकात नेहमीचाच गोंधळ होता. टोटो, बैल, कावडवाले, शाळेची पोरे. जाळ्या बाजूला भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, पुढच्या मोर्चाची वाट पाहत. त्यांच्यावर कुठेही लिहिलेले नव्हते की त्या उघडायच्या कशा.